वन्सं, तिथे कोणता पक्षी होता?

वन्सं, खोटं कशाला सांगू, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू यायच्या आधी संशय आला. मंगळवारी फोनवर मी तुम्हाला बजावलं होतं, "शनिवारी नक्की निघू, आणि या वेळी उत्तर घेतल्याशिवाय तुम्हाला घरी सोडणार नाही." तुम्ही हसून म्हणालात, "बरं बाई, विचार." शुक्रवारी सकाळी तुम्ही फोन उचलेनात म्हणून दिलीप किल्ली घेऊन तुमच्याकडे गेला, आणि अर्ध्या तासाने त्याचा मला फोन आला, "ताई गेली गं. झोपेतच." मी स्वयंपाकघरात उभी होते. शनिवारसाठी दशम्यांचं पीठ मळून ठेवलं होतं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हे, की ह्या पुन्हा निसटल्या.

असं मनात येणारी बाई किती दुष्ट, असं लोक म्हणतील. म्हणोत. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक होता. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरलं. सगळं सुरळीत चाललेलं दिसलं की मला आधी वाटतं, कुठेतरी पाणी मुरतंय. त्यात तुम्ही माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नणंद म्हटल्यावर संशय फुकटच मिळतो, तो काही वेगळा पैदा करावा लागत नाही.

आठ वर्षांपूर्वी भावजी गेल्यावर तुम्ही उत्तरेकडच्या बर्फातलं ॲन आर्बरचं घर विकून इकडे दक्षिणेला मॉरिसव्हिलला आलात, आमच्यापासून दहा मिनिटांवर. सगळे म्हणाले, किती छान, भाऊ जवळ आहे. मी म्हटलं, आल्या पाळत ठेवायला. मुलीकडे फ्रीमाँटला का गेल्या नाहीत? तिथे बर्फ नाही, गौरी आहे, नातवंडं आहेत. तुम्ही म्हणालात, "तिथे सगळे सारखे फ्रीवेवर असतात. मला शेतं बघायचीत." मला ते उत्तर तेव्हाही पटलं नव्हतं.

मग आपल्या सहली सुरू झाल्या. महिन्यातून एक शनिवार, हायवे चौसष्टने पूर्वेला. पहिल्या वेळी दिलीप आला होता. तुम्ही रस्त्याकडेच्या प्रत्येक करड्या पाटीपाशी गाडी थांबवलीत. इथे अमुक सेनापतीचं घर होतं, इथे तमुक पूल जळला, इथून दोन मैलांवर कोणाची तरी शाळा होती. सातव्या पाटीला दिलीप वैतागला. "ताई, पाटीपाटीला पुल ओव्हर करायचं असेल तर मी घरीच बरा." त्यानंतर तो कधी आला नाही. बरं झालं, असं मला वाटलं होतं. आपण दोघीच असलो की विचारता येईल.

विचारायचं होतं ते एवढंच. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सांगलीला सासरी कपाट आवरताना कागदाखाली मला एक निळं एअरोग्राम, परदेशातून आलेलं पत्र, सापडलं होतं. अक्षर तुमचं, खाली सही तुमची, तारीख आमच्या लग्नाच्या आठ महिने आधीची. दिलीप मला नागपूरला येऊन बघून गेला होता, दोन्हीकडून पसंती झाली होती, आणि मग अचानक सगळं सहा महिने थंडावलं होतं. का, ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. माझे बाबा त्या सहा महिन्यांत पोस्टमनची वाट बघून खंगले होते. कारण त्या पत्रात होतं. "आई, नागपूरचं स्थळ नको. माझ्या मनाला येत नाही. यात दिलीपचं काही नाही, हे माझंच मत आहे. त्याला यात ओढू नये." चारच ओळी. पस्तीस वर्षं मला पाठ आहेत.

मी पत्र होतं तिथे ठेवलं आणि कोणाला, दिवाळीला तिथे आलेल्या तुम्हालाही, काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून तुम्ही माझ्यासाठी जे जे केलंत, ते मी उलटं करून शिवण बघितल्यासारखं बघितलं. तुम्ही मुलांना स्वेटर पाठवलेत, मी म्हटलं, मन खातंय. तुम्ही माझ्या भाकरीची चारचौघांत स्तुती केलीत, मी म्हटलं, आता हे कशासाठी? नागपूरला माझी आई गेली आणि विमानं बंद असल्यामुळे मला जाता आलं नाही, तेव्हा तुम्ही मला गाडीत घातलंत आणि विल्सनच्या पुढे एका कापलेल्या शेताच्या कडेला नेऊन थांबलात. पिवळ्या छातीचा एक पक्षी कुंपणावर बसून गात होता. तुम्ही म्हणालात, "हा आपल्या चंडोलाचा इकडचा मामेभाऊ." आणि पुढे तासभर गप्प बसलात. मी पोटभर रडले. आईचं दुःख तुम्हीच मला तिथे करू दिलंत, घरी मला ते जमत नव्हतं. आणि रडून झाल्यावर नाक पुसता पुसता माझ्या मनात आलंच, हे प्रायश्चित्त तर नाही?

इथल्या पाखरांना असे मराठी नातेवाईक शोधून द्यायची तुमची रीतच होती. इंग्रजी नाव तुम्ही पाखरं टिपायच्या वहीत कधी लिहिलं नाहीत. खंड्याची भाची, कोतवालाचा साडू, टिटवीची चुलत बहीण. आणि वहीचा नियम कडक. दोघींनी पाहिला तर शाईने लिहायचा, एकीनेच पाहिला तर पेन्सिलीने. "उद्या भांडण नको," असं तुम्ही म्हणालात. मला तो नियम फार आवडला होता. निदान एका वहीत तरी तुमच्यावर विश्वास ठेवायची सोय होती.

पहिल्यांदा विचारलं ते रोआनोक नदीच्या पुलाअलीकडे. आपण टपरीवरून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेतल्या होत्या. तुम्ही म्हणालात, सांगलीत यात एवढं मीठ घातलं असतं तर आईने पातेलं फेकलं असतं. आईचा विषय निघालाच होता. मी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि म्हटलं, "वन्सं, माझ्या लग्नाआधी तुम्ही सांगलीला एक पत्र लिहिलं होतं..."

"गरुड! मेधा, गाडी बाजूला घे!"

मी घेतली. उतरले. वर नुसतं निळंभोर आभाळ.

"कुठाय?"

"गेला. तू फार हळू बघतेस गं."

दुसऱ्यांदा विचारलं ते आपल्या वाटेच्या शेवटी लागणाऱ्या मोठ्या तळ्यापाशी. तिथे जुन्या मळ्याच्या मालकाचं नाव पाटीवर मोठ्या अक्षरांत आहे, त्याने दलदलीतून तळ्यापर्यंत कालवा खणला म्हणून. तुम्ही पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलात आणि चिडून म्हणालात, "यानं खणला? यानं फावडं तरी हातात धरलं असेल का? खणला गुलामांनी, नाव याचं. पाटीवर लिहिलंय म्हणजे खरं असतं होय?" मला वाटलं, हीच वेळ. मी म्हटलं, "मग कशावरून ओळखायचं, वन्सं? एखाद्या पत्राखाली सही असेल, तर ते त्याच माणसाचं धरायचं की नाही?"

तुम्ही माझ्याकडे वळलात. तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं, मी ते पाहिलं. आणि मग बोट ओठांवर. "शू! खंड्या. त्या फांदीवर."

फांदीवर खंड्या नव्हता. पानही नव्हतं.

तुम्ही लहान मुलांच्या डॉक्टर. तुम्हीच एकदा मोठ्या फुशारकीने सांगितलं होतंत, ॲन आर्बरला पोरांना इंजेक्शन देताना खिडकीकडे बोट दाखवायचं, "लुक, बर्डी!", आणि पोराने मान वळवली की सुई आत. "चाळीस वर्षांत एकाही पोराने परत येऊन विचारलं नाही, की तो पक्षी कुठला होता." ही गोष्ट जिला सांगितलीत, तिच्यावरच तुम्ही तो प्रयोग करत होतात. मला राग यायचा आणि हसूही यायचं. घरी येऊन मी दिलीपला सांगायचे, "तुझ्या बहिणीने आज पुन्हा हवेतला पक्षी काढला." तो पेपरमधून मान वर न काढता म्हणायचा, "ताईचे डोळे चांगले आहेत." त्याला कधी हसू आलं नाही, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

त्याच तळ्याच्या पार्किंगमध्ये, दोन वर्षांपूर्वी एप्रिलात, ती टिटवी भेटली. मी गाडीतून उतरले तशी समोर खडीवर एक पक्षी लंगडत चालला. एक पंख जमिनीवर फरफटत होता, तोंडाने केविलवाणं ओरडत होता. मी म्हटलं, "अगं बाई, पंख मोडलाय हिचा!" आणि ओढणी काढून तिला धरायला मागे निघाले. ती दोन हात पुढे जायची, पडायची, मी जवळ गेले की पुन्हा पुढे. असं मला तिने पार्किंगच्या त्या टोकापर्यंत नेलं आणि मग दोन्ही पंख उघडून खुशाल उडून गेली. मागे वळले तर तुम्ही गाडीच्या चाकाशी पोट धरून हसत होतात. तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर, खडीत, खडीसारखीच दिसणारी चार अंडी.

"तू तिच्या मागे गेलीस ना? झालं तिचं काम."

"पण एवढं नाटक?"

"तिचा इलाज नाही गं. घरटं उघड्यावर असलं की असंच करावं लागतं," असं तुम्ही म्हणालात. आणि हसणं एकदम थांबवून चटणीचा डबा शोधायला लागलात.

शेवटची सहल फेब्रुवारीतली. हजारो हंस उत्तरेकडून त्या तळ्यावर उतरलेले, पांढरं शेत हलत असावं असं पाणी. मी मनात म्हटलं, आता कुठला पक्षी दाखवाल? इथे सगळंच दिसतंय. मी सरळ विचारलं, "वन्सं, मी तुम्हाला का आवडले नव्हते?" तुम्ही दुर्बीण लावलीत.  "त्या हंसांत एक वेगळा आहे बघ," तुम्ही म्हणालात. "चोच बघ त्याची." मी रागाने बघितलंच नाही. परतताना वाटेतलं प्लिमथ ओलांडल्यावर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मेधा, माणसाला राग धरायला कोणीतरी लागतंच. मग मी काय वाईट आहे?"

मी म्हटलं, "हे उत्तर झालं का?"

"नाही," तुम्ही म्हणालात. त्यानंतर आपण एकमेकींना पाहिलं ते चार-पाच वेळाच, आणि दर वेळी दिलीप खोलीत होता.

तुमच्या दिवसांसाठी गौरी आली होती. जाताना तिने मला वही दिली. "मामी, आईने ही तुझ्यासाठी ठेवलीय. वर चिठ्ठी होती, मेधालाच द्यायची. शी वॉज व्हेरी स्पेसिफिक." मी लगेच विचारात पडले. मलाच का? गौरीलाही पाखरांचा नाद आहे. यात काय आहे?

मग मी जे केलं त्याची आता लाज वाटते, पण सांगते. मी ती वही आठवण म्हणून उघडली नाही. टेस्टिंगला बसल्यासारखी बसले, माझ्या जुन्या डायऱ्या शेजारी घेऊन. ज्या ज्या दिवशी मी विचारलं होतं, ते दिवस काढले. पुलाचा दिवस: चंडोल शाईने, बगळा शाईने. गरुड नाही. नियमाप्रमाणे मी पाहिला नसेल तर तो पेन्सिलीने तरी हवा होता, पण नव्हता. कालव्याचा दिवस: खंड्या नाही. हंसांचा दिवस: हंस, शाईने, पुढे "अगणित". वेगळ्या चोचीचा कोणी नाही. बोलण्यात मला फसवलंत, वन्सं, पण वहीत खोटं लिहायला तुमचा हात धजला नाही.

मी वही घेऊन तरातरा दिलीपकडे गेले. तो टेबलाशी मटार सोलत होता. मी पानं उलटून त्याच्यापुढे धरली. "बघ. एकही पक्षी नव्हता. तुझी बहीण मला सात वर्षं टाळत होती. मेली तरी बोलली नाही, की मी तिला का नको होते." एअरोग्रामचं मी त्याला पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. ओळीन् ओळ म्हणून दाखवली.

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. 

"ते पत्र मी लिहायला लावलं होतं," तो म्हणाला.

वन्सं, मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काय?"

"मला तेव्हा नव्हतं करायचं लग्न. इथल्या लॅबमध्ये एक मुलगी होती. आईला नाही म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात. ताईला म्हटलं, तू काहीतरी कर. ती म्हणाली, माझ्या नावावर घालते. मग सहा महिन्यांनी ती मुलगी निघून गेली, आणि आईने पुन्हा विचारलं तेव्हा मी हो म्हटलं." त्याने शेंग खाली ठेवली. "आय वॉज ट्वेंटी-सेव्हन, मेधा. मूर्ख होतो. नंतर तुला सांगणार होतो मी. ताईच नको म्हणाली. म्हणाली, नणंदेवर राग धरून बाईचा संसार होतो, नवऱ्यावर धरून होत नाही."

म्हणजे पत्र मला सापडलं असणार, हे तुम्हाला पहिल्या दिवाळीपासून माहीत होतं. माझं तोंड बघूनच कळलं असेल. तुम्ही तरीही गप्प राहिलात. "यात दिलीपचं काही नाही." अहो, ज्यात ज्याचं काही नसतं, त्याचं नाव कोण कशाला काढेल? हा दोष माझ्या कामात एखाद्या शिकाऊ पोरीकडून सुटला असता तर मी तिला फाडून खाल्लं असतं. मी ते वाक्य शेकडो वेळा मनात म्हटलं, आणि दर वेळी त्यात मला तुमचा ताठाच दिसला. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी, आणि संन्यासी दर महिन्याला माझ्यासोबत दशम्या खायला येत होता.

मला तुमचा राग येतो. हे मोठेपण तुम्हाला कोणी मागितलं होतं? मला विचारलं होतंत? मला सत्य हवं होतं, मी ते पेललं असतं. असं म्हणते खरी, आणि लगेच स्वतःवरच संशय येतो. चोवीस वर्षांची, परक्या देशात, पहिल्याच हिवाळ्यात, पोटात मूल, आणि हे सगळं कळलेलं. मी काय केलं असतं? परतीचं तिकीट काढलं असतं बहुतेक. मग आमची दोन मुलं, हे घर, दिलीपचं म्हातारपणातलं मटार सोलणं, यांतलं काय राहिलं असतं, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक होतं असं तरी कशावरून? तुम्ही अंदाजाने केलंत. पण पस्तीस वर्षं किंमत तुम्ही दिलीत. माझे कुजके बोल, दिवाळीचे उशिरा केलेले फोन, तुमच्या हातच्या प्रत्येक वस्तूला मी लावलेली ती चाचणी. वन्सं, मला माफ करा. हे मला तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं, आणि तुमच्या तोंडावर म्हणता आलं नाही, याचा दोष मात्र अर्धा तुमचा आहे.

त्या रात्री दिलीपशी मी बोलले नाही. पुढचे चार दिवसही नाही. पाचव्या दिवशी वही पुन्हा उघडली, या वेळी काही तपासायला नाही. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. शाईने लिहिलं होतं, "टिटवी, एक. अंडी चार. मेधा फसली." मी त्या दोन शब्दांकडे किती वेळ बघत बसले. तुम्ही वही मलाच का ठेवलीत, याचं उत्तर हेच असेल का? की तुम्हाला नुसतं मला चिडवायचं होतं? आता कोणाला विचारू?

गेल्या शनिवारी दिलीप आपणहून म्हणाला, "मी येऊ का?" मी हो-नाही केलं नाही, किल्ली त्याच्या हातात दिली. प्रत्येक पाटीपाशी त्याने न सांगता गाडी थांबवली. सातव्यालाही. कालव्यावरच्या पाटीसमोर तो उभा राहून म्हणाला, "ताई इथे भांडली असेल." मी म्हटलं, "भांडली."

तळ्यावर हंस नव्हते, ते केव्हाच उत्तरेला गेले. पार्किंगच्या खडीत मी खाली बघत जपून पाय टाकत होते. दिलीपने तुमची दुर्बीण गळ्यात घातली होती, पट्टा त्याला आखूड होत होता. पाण्याच्या कडेला आम्ही उभे राहिलो. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मेधा, तुला तेव्हाच कळलं असतं, तर तू राहिली असतीस?"

वन्सं, मी तोंड उघडलं. त्याचा चेहरा पाहिला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, इंजेक्शनला आणलेल्या पोरासारखा उभा होता.

"शू!" मी म्हटलं. "तो बघ. समोर, लव्हाळ्यात."

त्याने घाईघाईने दुर्बीण डोळ्यांना लावली. "कुठे?"

"डावीकडे. जरा खाली."

त्याने पुष्कळ वेळ शोधलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. शेवटी तो म्हणाला, "गेला वाटतं."

"गेला," मी म्हटलं. "तू फार हळू बघतोस."

घरी आल्यावर वही काढली. चंडोल शाईने लिहिला, बगळा शाईने लिहिला. लव्हाळ्यातलं काही लिहिलं नाही, पेन्सिलीनेही नाही. तिथे पाण्याशिवाय काही नव्हतं, वन्सं.